सोडियमचा झिजलेला गोळा

मित्रांनो, जेपारा गावच्या शाळेत भिंतीवर टांगलेली मी एक जुनी आवर्त सारणी आहे. माझ्या चौकटीत प्रत्येक मूलद्रव्याच्या जागी फणसाच्या लाकडाचा गोळा आहे. अणू जितका मोठा, तितका गोळा मोठा. विज्ञान शिकवणाऱ्या विनार्सी बाईंनी मला आखले आणि त्यांचे वडील कासदी यांनी लेथवर गोळे उतरवले.

ओळीत डावीकडून उजवीकडे गोळे लहान होत जातात, हे कासदींना पटेना.

"इलेक्ट्रॉन वाढतात म्हणतेस, आणि गोळा लहान? टोपलीत भात वाढला की टोपली आकसते का गं?"

"बाबा, कवच तेच राहतं. पण मधल्या केंद्रकाची ओढ वाढत जाते, म्हणून सगळे आत खेचले जातात. खालच्या ओळीत नवं कवच चढतं, तिथं परत मोठा."

"म्हणजे तुझी आई माहेरी गेली की मी घरभर पसरतो, अन् आली की गपचूप कोपऱ्यात. तसंच ना?"

"तसंच! आता सोडियमसाठी ठोकळा घ्या. अजून थोडा मोठा... अजून थोडा... हां."

मुलांनी मला खूप हाताळले. तिसरी ओळ सोडियमपासून सुरू होते आणि बाई धडा तिथूनच सुरू करत, त्यामुळे बोटे आधी त्याच्यावर पडत. माझे कौतुक बाईंनी फार वर्षे ऐकले नाही. तापाचे निमित्त झाले आणि त्या गेल्या.

रमजानआधी घरच्यांच्या कबरी झाडून धुण्याची इथली रीत आहे. कासदी दरवर्षी मुलीची कबर स्वच्छ करत आणि तिथून थेट माझ्याकडे येत. एका झाडाच्या खरखरीत पानांनी ते एकेक गोळा घासत, मग तेल लावत. सोडियम सर्वांत मळका, म्हणून त्यालाच सर्वांत जास्त घासत. घासलेले लाकूड कमी होते, हे लेथवर जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हते असे नाही. मुलीच्या वस्तूवर मळ राहू नये, एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे होते.

यंदा नव्या पुजी बाईंनी त्यांना अडवले. "काका, या वर्षी राहू द्या."

"का? माझ्या पोरीची वस्तू मळकी ठेवू?"

बाईंनी सोडियम आणि शेजारचा मॅग्नेशियम काढून त्यांच्या दोन तळहातांवर ठेवले. कासदींनी हात बदलून पाहिले. पुन्हा बदलले.

"यातला सोडियम कुठला?"

"पोरांच्या हातांनी झिजला असेल, काका," बाई घाईने म्हणाल्या.

"पोरांच्या हातानं मळ चढतो, बाई. लाकूड जात नाही."

"माप पुस्तकात आहे. नवा उतरवा ना."

"उतरवीन. पण त्याला ती 'अजून थोडा' म्हणालेली नसेल."

नवा सोडियम अद्याप आलेला नाही. कासदी अधूनमधून येतात आणि हात मांडीखाली दाबून माझ्यासमोर बसतात.

मित्रांनो, एखाद्या वस्तूची निगा राखायची, तर ती काय सांगण्यासाठी घडवली आहे हे आधी जाणून घ्या. माझ्यावर मळ चढला तरी चालेल. माझे सगळे सांगणे शेजारशेजारच्या गोळ्यांमधल्या फरकात आहे. आणि विनार्सी बाई ज्या फरकापासून धडा सुरू करत, तोच एका बापाच्या मायेने पुसला गेला आहे.