रडं उतरवणारी चकती

अनुमान

शाळेत प्रयोग लिहिताना हे सगळ्यात शेवटी येतं. पण त्या सभागृहातल्या गर्दीने ते सगळ्यात आधी काढलं होतं, तेव्हा आपणही तिथूनच निघू.

अनुमान असं: चूपगुरूंच्या अंगठ्यात शक्ती आहे.

किरकिऱ्या बाळाच्या आईने तांब्याची चकती न्यायची. गुरू ओला अंगठा राखेच्या वाटीत बुडवायचे, चकतीवर चोळायचे आणि लाल तांबं चांदीसारखं लखलखायचं. त्यांचा हात सतत थरथरायचा. शक्तीचा कंप, असं लोक म्हणत.

"निघालं!" गुरू गरजायचे. गप्प बसायची सवय त्यांना स्वतःला नव्हती. "बाळाचं रडं चकतीत उतरलं! आता रोज संध्याकाळी ही तव्यावर तापवा, शेजारी बाळाला घेऊन बसा. चांदी उडाली की रडं जळालं. मग पुन्हा या. सोनं मात्र दाराबाहेर ठेवून. सोनं म्हणजे मोह!"

"केवढं वैराग्य!" मखमली खुर्चीवरच्या त्या विरागी माणसाकडे पाहत एक आजोबा पुटपुटले. कोपऱ्यात पितळी नळ टपटपत होता. त्याच्याकडे कोण बघतो?

निरीक्षण

ताई प्रयोगशाळेत उंदरांवर संशोधन करायची. घरचे तिला 'उंदरांची डॉक्टर' म्हणत आणि साध्या सर्दीसाठीही तिचा सल्ला घेत नसत. एका संध्याकाळी ती धाकट्या बहिणीकडे गेली, तेव्हा बहीण गॅसवरून तवा उतरवत होती; शेजारी तिचं बाळ निजलं होतं.

"ये ना! बघ, किती शांत झालाय."

"अंगठीला काय झालं तुझ्या?"

बहिणीने हात मागे घेतला. सोन्याची अंगठी एका बाजूने पांढरीफटक पडली होती. "सासूबाईंना सांगू नकोस हं. चकती हाताळताना काढायची राहिली."

ताईने तव्याकडे पाहिलं. मग घट्ट लावलेल्या खिडक्यांकडे.

"बाळाला उचल आणि बाहेर चल. आत्ता!"

"अगं, पण..."

"तो पारा आहे! पारा सोन्याला धरतो, अंगठ्या पांढऱ्या पडतात, बिंग फुटतं. म्हणून तुझ्या गुरूला सोनं नको. तव्यावर उडते ती चांदी नाही, पाऱ्याची वाफ आहे. ती बाळाच्या छातीत जाते, तिथून मेंदूत."

"तुला सगळीकडे उंदीरच दिसतात!" बहिणीचा आवाज चढला. "बाळ झाल्यापासून झोपले नाहीये मी. सबंध रात्र खांद्यावर. तेव्हा कुठे होतं तुझं विज्ञान?"

ताईने खिडक्या उघडल्या.

"ऐक. जन्मल्याजन्मल्या थोडे दिवस ही वाफ घेतलेली उंदरांची पिल्लं आहेत माझ्याकडे. वजन छान, लव छान. आमचा सफाईवाला म्हणायचा, काय गुणी पोरं! मोठी झाल्यावर त्यांना भुलभुलैयात सोडलं. बाकीचे उंदीर वाट शिकले. ही त्याच बंद बोळात शिरायची, भिंत हुंगायची, आणि परत तिथेच. बाळ म्हणजे उंदीर नाही. त्याचं काय होईल, मला नाही माहीत. पण ते असं तव्याशेजारी बसवून बघायचंय का तुला?"

बहिणीने बाळ उचललं. दोघी तडक बालरोगतज्ज्ञांकडे गेल्या.

साहित्य आणि कृती

साहित्य: रबरी हातमोजे, कापसाचा बोळा, गळका नळ.

पुढच्या बैठकीत बहीणच उठली. बाळ घरी बापाजवळ होतं.

"गुरुजी, त्या नळाचं रडं काढा ना. फार टपटपतो."

गर्दी हसली, गुरूही हसले. तेवढ्यात ताईने ओला बोळा राखेच्या वाटीत बुडवून नळावर चोळला. पितळ चांदीसारखं लखलखलं. गर्दी माना उंचावून बघू लागली.

टप. टप.

"गळायचा काही थांबला नाही," आजोबा म्हणाले.

"नळाला श्रद्धा नाही!" गुरू ओरडले.

"मग चांदीचा कसा झाला?" बहिणीने विचारलं.

गुरू पहिल्यांदाच नावाला जागले.

"राखेत पाऱ्याचा क्षार आहे," ताई म्हणाली. "तांब्या-पितळेवर घासला की पाऱ्याचा थर बसतो. कुणाचाही अंगठा चालेल. पण लावू नका, विष आहे ते. गुरूंचा हात उगाच नाही थरथरत. बाळांना तपासून घ्या, आणि यांनाही दवाखान्यात न्या."

"पण माझी मुलगी खरंच शांत झाली!" एक आई कळवळून म्हणाली.

"केवढी आहे?"

"चौथा सरलाय."

"तीन महिन्यांच्या आतलं बाळ गुरू घेतात का?"

"नाही... परत पाठवतात."

"कारण त्यानंतर बहुतेक बाळांचं रडं आपसूकच ओसरतं. हे महाशय उतारावर गाडी ढकलतात आणि दमल्याचं सोंग करतात."

त्या आईने चकती पर्समधून काढली, आणि ती कुठे ठेवावी हेच तिला कळेना. ताईने काचेची बरणी पुढे केली. मग रांग लागली. ही मात्र गुरूंसाठी नव्हती.

अनुमान, दुसऱ्यांदा

बाळ रडतं, कारण त्याला भूक लागते, दुखतं, कुणीतरी हवं असतं. बोलता येत नाही तोवर त्याच्याकडे तेवढंच आहे. ते काढून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा: कसं? वाटीत काय आहे? सोनं का नको?

बहिणीच्या बाळाच्या लघवीत पारा सापडला. उपचार सुरू आहेत. पुढचं डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. चालायला लागेल, शिकायला लागेल, तेव्हा कळेल म्हणतात. तोवर वाट पाहायची.

काल बहिणीचा फोन आला. मागे बाळ टाहो फोडत होतं.

"ऐकतेयस ना?" ती म्हणाली. "भूक लागलीय त्याला. ठेवते."