ग्रहणातलं मुसळ

"उभं राह्यलं! उभं राह्यलं!"

मठाच्या ओट्यावर पितळी ताट, ताटात पाणी, आणि पाण्यात हळदीकुंकवानं माखलेलं मुसळ कुणाच्याही आधाराशिवाय ताठ उभं. सारा गाव तोंडात बोट घालून बघत होता. धनराज महाराज दोन्ही हात वर करून गर्जत होते, "वर राहूनं सूर्य धरला, खाली धरणीमायनं मुसळ धरलं! ग्रहण सुटंल तवाच पडंल. लाव म्हणावं दुर्बीण आता!"

हा टोला आमच्या ह्यांना होता.

आमचे हे म्हणजे वाल्मीक. कळवणच्या बाजारात फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं आणि गच्चीवर पडल्यापडल्या ह्यांना आकाशाचं वेड लागलं. आधी मोबाईलवर ताऱ्यांची नावं, मग नाशिकहून छोटी दुर्बीण, मग तिच्याहून मोठी. शनीची कडी दिसली त्या दिवशी ह्यांची भाकरी ताटात वाळून गेली. मी चेष्टा करायचे, "लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं हो!" नंतर मीही गुपचूप डोळा लावू लागले. गुरूचे चंद्र एका रेषेत दिसले तेव्हा मी, हायस्कुलात गणित शिकवणारी बाई, लहान पोरीसारखी ओरडले.

२०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण आलं. ह्यांनी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलं. कडेनं कुरतडलेल्या भाकरीसारखं ते दिसत होतं. चार पोरं बघायला आली, तर त्यांच्या आयांनी त्यांना ओढून नेलं. गर्दी सगळी मुसळापुढे.

यावर मी हसून गप्प बसले असते. पण घरात माझी नणंद पल्लवी होती, बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. सासूबाईंनी, म्हणजे सगुणाबाईंनी, तिला सकाळपासून अंधाऱ्या खोलीत निजवलं होतं. अन्न नाही, पाणी नाही, कुशीवर वळायचंसुद्धा नाही. दिवस कलताना ती मला हळूच म्हणाली, "वहिनी, बाळ दुपारपासून हालत नाय."

म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं.

सासूबाई दारात आडव्या बसल्या. "मुसळ पडू दे, मग ने कुठं न्यायचं ते. ग्रहणात पोटुशी बाई उंबऱ्याबाहेर पडली तर पोर वेडंवाकडं निपजतं."

"आई, मुसळ कुठल्याही दिवशी उभं राहतं!" असं म्हणत ह्यांनी स्वयंपाकघरातलं मुसळ आणलं, त्याच्या बुडाचं लोखंडी कडं फरशीवर टेकवलं आणि अलगद हात सोडला. मुसळ उभं राहिलं.

सासूबाईंनी हात जोडले. "आपल्याबी घरात उभं राह्यलं रे बाबा! खरंच हाय महाराजांचं!"

ह्यांचा चेहरा उतरला. ग्रहणात मुसळ उभं करून दाखवणं म्हणजे महाराजांचीच साक्ष देणं. हे दाखवायला हवं होतं ग्रहणाआधी, एखाद्या रिकाम्या वारी. पण आमच्याकडे मुसळ उभं करतात ते फक्त ग्रहणात. एरवी ते कोपऱ्यात भिंतीला टेकवलेलं. तेव्हा उभं राहतं का, हे कोण कशाला बघतंय?

त्यातून सूर्य ग्रासलेलाच मावळला. महाराजांनी लगेच जाहीर केलं, उद्या शुद्ध सूर्य उगवेपर्यंत मुसळ पडायचं नाही. आमचे हे मठातलं मुसळ पाडायला धावले, तर चौघांनी ह्यांना धरून ठेवलं. शेजारच्या संतोषची जीप होती, त्यानं मान खाली घातली. "वहिनी, माझीबी बायको पोटुशी हाय." मी फोन करून रुग्णवाहिका बोलावली. ती दारापर्यंत आली. सासूबाईंना बाजूला सारून मी पल्लवीचा हात धरला, तर तीच खाटेला घट्ट धरून रडायला लागली. "मुसळ पडल्यावर जाऊ ना वहिनी. माझ्या बाळाला काय झालं तर?"

गाडी रिकामी परत गेली. यापुढे मी काय करायचं होतं, ते मला अजून कळत नाही.

उजाडताच मी मठात गेले. महाराज सूर्याला दंडवत घालायला वाकले, त्यांचा गुडघा ताटाच्या काठाला लागला, ताट हललं आणि मुसळ आडवं झालं. "सुटलं! ग्रहण सुटलं!" ढोल वाजले. गुडघा मी स्वतः पाहिला, ओरडून सांगितलंही. त्या गलक्यात कोण ऐकणार?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पल्लवीला वाचवलं. बाळ आधीच गेलं होतं. मुलगी होती. "काल संध्याकाळी आणायला हवं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. ह्यांनी ग्रहणात सूर्याला दुर्बीण लावली म्हणून बाळ गेलं, असंही गावात काहीजण बोलले.

पुढे एका साध्या बुधवारी ह्यांनी आमच्या घरातलं मुसळ अंगणात, सगळ्यांसमोर उभं केलं. ग्रहण नाही, अमावस्या नाही, पाणी नाही, हळद नाही. मुसळ उभं! हे समजावून सांगत होते, "बूड सपाट आहे, लोखंडी कड्यामुळे वजन खाली आहे. तोल साधून सोडलं की उभं राहणारच. राहूचा काय संबंध?" दोघातिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

तेवढ्यात मठातून निरोप आला, "त्या घरावरचं ग्रहण अजून सुटलं नाही, म्हणून उभं राहतंय."

शहानिशा करायला शेजारच्या भागीबाईनं आपलं मुसळ आणलं. तेही उभं राहिलं. आम्ही खूश. आणि ती बिचारी पांढरीफटक पडली. "म्हणजे माझ्याबी घरावर?" म्हणत ग्रहशांत करून घ्यायला तडक मठात गेली. पालथ्या घड्यावर पाणी.

गर्दी पांगली. सासूबाई ओट्यावरून उठल्या आणि मुसळापुढे येऊन बसल्या. बोटानं पाडलं, पुन्हा उभं केलं. पुन्हा पाडलं, पुन्हा उभं केलं. मग मला म्हणाल्या, "हर्षाली, हे आदल्या दिवशी कुणी केलं असतं तर?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि मुसळ आडवं ठेवलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. आज ग्रहण नाही. उठा, घरातलं मुसळ घ्या, सपाट फरशीवर उभं करा आणि हात सोडा. सासूला बोलवा, सुनेला बोलवा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करा. पण आजच करा. ग्रहणाच्या दिवशी तुमचं कुणी ऐकणार नाही, आणि तेव्हा आतल्या खोलीत एखादी पल्लवी निजलेली असेल.