बोरलीचा हंगाम

“पायाला कळला, तर तो जोडा कसला रं?”

वडील अब्दुल उस्तादांचा हा आवाज रज्जाकने आठव्या वर्षी ऐकला होता. सोबत पाठीत धपाटाही बसला होता, म्हणून आवाज पक्का राहिला. आता पंचेचाळिशीला टेकलेला रज्जाक भिंगारच्या छावणीत आपल्या दुकानाच्या फळीवर एका गोऱ्या शिपायाचं पाऊल मांडीवर घेऊन बसला होता, आणि तोच आवाज कानात वाजत होता.

पाऊल टॉमचं. लढाईपूर्वी टॉम विलायतेत पगारी फुटबॉल खेळायचा, तेही सगळ्यांत वरच्या लीगमध्ये. चेंडूला लाथा मारायचा पगार मिळतो हे ऐकून आपल्या म्हशी रवंथ करायच्या थांबल्या, असं गल्लीतला सहादेव गवळी शपथेवर सांगे. आता लढाई संपली होती, टॉम घरी निघाला होता आणि येत्या हंगामासाठी त्याला रज्जाकच्या हातचे बूट हवे होते. त्याच्या संघाचं नाव बोरली.

“बोरली म्हंजी आपल्याकडचंच गाव वाटतंय की,” सहादेव म्हणाला. त्या दिवसापासून ती आपली बोरली झाली.

रज्जाकने बारा दिवस बूट शिवले. टाका असा, की मुंगीला वाट मिळू नये. जाताना टॉमने शब्द दिला, की सगळा हंगाम हेच बूट घालीन आणि प्रत्येक सामन्यानंतर कार्ड टाकीन. रज्जाकला पलटणीची खोगिरं शिवताना त्यांवरचे शिक्के वाचून मोठी इंग्रजी अक्षरं येत होती. तेव्हा कार्ड मोठ्या अक्षरांत, आणि मजकूर नेमका: हा संघ, मधे दोन आकडे, तो संघ. खाली ‘बूट्स गुड’.

पहिलं कार्ड दसऱ्याच्या सुमारास आलं. गल्ली गोळा झाली. रज्जाकने घसा साफ केला, कार्डावर बोट फिरवलं आणि जाहीर केलं, “क्रॅनमियर एक. बोरली चार.”

मग कार्डांची रीघच लागली. बोरली तीन गोलांनी जिंकली, दोन गोलांनी जिंकली, एकदा तर सहा. सहादेवाची बायको साळूबाई पहाटे जात्यावर गाऊ लागली:

सात समिंदर पार, बोरली माझी बाई
रज्जाकच्या बुटाला, हार ठावी न्हाई.

हार अगदीच ठाऊक नव्हती असं नाही. तीन वेळा बोरली हरली. त्या दिवशी गल्लीत चुली उशिरा पेटल्या आणि साळूबाईने दुकानातल्या कार्डांवरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. रज्जाकची बायको जहिरा म्हणाली, “मिरच्या चांगल्या तडतडल्या, आता जिंकतील.” पुढचा सामना बोरली जिंकली.

गंमत एवढ्यावर राहिली नाही. पलटणीतले घोडे जाऊन गाड्या आल्या होत्या, खोगिरांचं काम बंद पडलं होतं, बूटही कारखान्यातून येत. रज्जाकच्या हत्यारांवर कोळी सुखाने नांदत होता. तो कोळी आता हलला. श्रीरामपूरहून व्यापारी आले, पाथर्डीहून शेतकरी आले. सगळ्यांना ‘बोरलीवाल्या’चा जोडा हवा. पाथर्डीकडचा एक नवरदेव म्हणे बोरलीचा जोडा आल्याशिवाय घोड्यावर चढेना. मुहूर्त टळायची वेळ आली, तरी पठ्ठ्या अनवाणी उभा.

सहादेव मात्र चिडवायचा. समोरच्या गड्यांना पाय न्हाईत का, म्हणायचा. शेवटी भर चौकात त्याने पैज लावली, की हंगाम संपताना बोरली अव्वल आली, तर ही मिशी कानिफ न्हाव्याच्या हवाली. मिशी साधी नव्हती. दुधाची चरवी उचलताना ती आधी पुढे जायची आणि सहादेव मागून. बापाच्या दहाव्याला उतरवली तेवढीच. त्यानंतर तिला वस्तरा शिवला नव्हता.

माघात रतनबाई दुकानात आल्या. मिशनच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. चपलेचा अंगठा तुटला होता. रज्जाक टाका घालत असताना त्या भिंतीवरची कार्डं वाचत उभ्या राहिल्या. वाचता वाचता त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

“रज्जाकभाई, बोरली म्हणजे तुमचाच संघ ना?”

“व्हय बाई. पंधरा येळा जिंकली.”

बाईंनी पहिल्या कार्डावर बोट ठेवलं. “तुम्ही हे कुठून वाचता?”

रज्जाकने दाखवलं. मदरशात शिकवलं तसं उजवीकडून. आधी उजवं नाव, मग डावं. आकडे तेवढे डावीकडून, कारण आकडे उर्दूतही डावीकडूनच चालतात. बाईंनी हळूच सांगितलं, की इंग्रजीत नावंही डावीकडूनच वाचतात. बोरली इथं एक आहे. चार समोरच्यांचे.

रज्जाकच्या हातातली आरी थांबली. त्याने एकेका कार्डाकडे बोट केलं, बाईंनी एकेक वाचलं. पंधराच्या पंधरा हारी. बोरली खरी जिंकली होती ती तीन वेळा, आणि तिन्ही वेळा भिंगारात सुतक पाळलं गेलं होतं. बरोबरीत सुटलेले दोन सामने तेवढे कुठूनही वाचले तरी खरे.

“कुनाला सांगू नका, बाई,” तो म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि दुरुस्त चप्पल घालून गेल्या.

नंतरची कार्डंही रज्जाकने उजवीकडूनच वाचली. आधीच्याला चूक म्हणता आलं असतं. ह्याला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होतं, म्हणून आवाज बारीक होऊ लागला. जहिराने दोनदा घशासाठी हळद-दूध दिलं. त्याने ते मुकाट पिऊन टाकलं.

त्या साली विलायतेत बर्फ पडून सामने खोळंबले आणि हंगाम लांबत गेला. आपल्याकडचा उसाचा हंगाम संपला, चरक थंड पडले, तरी ह्यांचं गाळप चालूच, असं सहादेव म्हणे. पेपरात देशाच्या वाटण्या छापून येत होत्या. भिंगारात लोक बोरलीचं विचारत होते.

आषाढात टॉमचं पत्र आलं, लांबलचक, बारीक अक्षरातलं. रज्जाक ते घेऊन थेट शाळेत गेला. बाईंनी वाचून दाखवलं: बावीस संघांत बोरली बाविसावी. पुढच्या साली खालच्या लीगमध्ये. आणि शेवटी, रज्जाक, हरलो ते आम्ही. तुझ्या बुटाचा एक टाका उसवला नाही.

तो परतला तर पत्राची खबर आधीच पोचली होती. दुकानापुढे गल्ली उभी, पाथर्डीचे दोघे बाप-लेक सहा जोड्यांची मापं द्यायला बसलेले. कोणी विचारायच्या आत सहादेवच ओरडला, “त्याचं तोंड बघा की. अव्वलच असनार.” आणि बोलल्या शब्दाला जागून तो कानिफपुढे मांडी घालून बसला. कानिफने फेस लावला. काळीभोर मिशी पांढरी झाली. साळूबाईने डोळ्याला पदर लावला.

रज्जाकने पाथर्डीवाल्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या कार्डांकडे पाहिलं. वस्तरा ओठाला टेकला.

“कानिफ, हात आवर,” तो म्हणाला. “बोरली शेवटाला आली. म्या उलटं वाचत हुतो. आन माघापासनं तर जानूनबुजून.”

कानिफच्या वस्तऱ्यावरून फेसाचा थेंब खाली पडला. पाथर्डीच्या म्हाताऱ्याने फळीवरचा पाय हळूच खाली घेतला. रज्जाकने पत्र पुढे धरलं. ते वाचता येणारं तिथे कोणी नव्हतं.

सहादेव उठला. फेस हनुवटीवर ओघळत होता. रागाने म्हणावं तर आवाज अगदी खाली होता, रज्जाकपुरता.

“गप बसला असतास तर काय बिघडत हुतं? मला बी माघापासनंच ठावं हाय. बाईंच्या घरी दूध म्याच घालतो. बोरलीचं इचारलं तर बाई गप बसल्या. मास्तरीन कदी गप बसती का?” त्याने मनगटाने फेस पुसला. “मिशी काय, म्हैन्याभरात उगवती. दुकान उगवतंय व्हय?”