न कापलेली पानं

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असं एक तरी पुस्तक असतं, की जे आपण सध्या वाचत असतो. गेली दोन-तीन वर्षं सध्या वाचत असतो. पाहुणे आले की ते कोनाड्यातून बाहेर येतं, पाहुणे गेले की परत कोनाड्यात जातं. त्यात एक खूण घातलेली असते आणि ती खूण कधीच जागा बदलत नाही.

छगन मास्तरांच्या घरी असं पुस्तक होतं. एका जाडजूड कादंबरीचा भाग दुसरा. भाग पहिला मास्तरांनी वाचला नव्हता. पण दुसरा हातात असला की पहिला वाचला असेल असं लोक आपोआप धरून चालतात, म्हणून त्यांनी थेट दुसराच नेला. अकरा महिने झाले होते. ही गोष्ट एकसष्ट सालची.

मास्तरांचं गाव तापीच्या काठी, सारंगखेड्यापासून दोन कोसांवर. कापूस, केळी, एक शाळा, आणि ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत सार्वजनिक वाचनालय. वाचनालयाचे अध्यक्ष करणसिंग दादा. दादांना वाचनाची कळकळ होती. ती स्वतःच्या वाचनापुरती नसून गावाच्या वाचनापुरती होती, आणि त्या कळकळीतून त्यांनी दोन नियम केले होते. पहिला : दर रविवारी सकाळी प्रत्येक सभासदाने उभं राहून आपण सध्या कोणता ग्रंथ वाचत आहोत ते सभेला सांगावं. दुसरा : ग्रंथ परत करताना त्यातलं सार पाच मिनिटं बोलून दाखवावं.

नियम दोन्ही चांगले होते. पहिल्या नियमामुळे प्रत्येकाने पुस्तक नेलं आणि दुसऱ्या नियमामुळे कोणीही परत आणलं नाही. पाच वर्षांत कपाटं रिकामी झाली. तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. त्यांनी रिकामी कपाटं पाहिली आणि शेरेबुकात लिहिलं, ‘वाचनाची इतकी भूक मी अन्यत्र पाहिली नाही.’ दादांनी तो शेरा सुवाच्य अक्षरात लिहून घेतला, चौकटीत बसवला आणि रिकाम्या कपाटावर टांगला.

रविवारची सभा मोठी भारदस्त होत असे. दोधू आप्पा म्हणजे गावचे मोठे बागाईतदार. ते इतिहासाचा तिसरा खंड वाचत होते आणि तीन वर्षं एकाच किल्ल्याला वेढा घालून बसले होते. स्वतः करणसिंग दादांकडे एका संस्कृत महाकाव्याचं भाषांतर होतं. ते उठत आणि एवढंच म्हणत, “चिंतन चालू आहे.” सभा मान डोलवी. मग मास्तर उठत. मास्तर म्हणजे शिकलेला माणूस, त्यांना चिंतनावर सुटता येत नसे. कादंबरीत पुढे काय झालं ते दर आठवड्याला थोडं थोडं सांगावं लागे, आणि मलपृष्ठावरचं नायिकेचं नाव सोडलं तर ते सगळं बनवावं लागे. शनिवारपासूनच त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. वर्गात पाढे म्हणून घेताना ते मध्येच थांबत आणि नायिकेला नवं संकट शोधत.

श्रावणातल्या एका रविवारी त्यांना काहीच सुचेना. सभा तोंडाकडे पाहत होती. तेव्हा मास्तरांनी नायिकेला मारून टाकलं. “मंजुळा गेली,” एवढं बोलून ते खाली बसले. दोधू आप्पांनी उपरण्याने डोळे टिपले. त्या आठवड्यापुरता प्रश्न सुटला.

ही बातमी वाचनालयाचा शिपाई उखा याने त्याच दिवशी तापीबाईंना सांगितली. तापीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तापीबाई मास्तरांच्या विद्यार्थिनी. वय पंचावन्न. दोन वर्षांपूर्वी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात बारा बायका आल्या होत्या, शेवटपर्यंत टिकल्या त्या या एकट्या. प्रमाणपत्र देताना मास्तर भाषणाच्या भरात म्हणाले होते, “तापीबाई, आता मराठीतलं कुठलंही पुस्तक तुमचं आहे.” भाषणातली वाक्यं खरी मानायची नसतात हे त्या वर्गात शिकवलेलं नव्हतं. बाई दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेल्या. कपाटात एकच पुस्तक उरलं होतं : भाग पहिला. बायकांना सभासद करण्याची पद्धत नव्हती. पण ते पुस्तक कोणालाच नको होतं, म्हणून उखाने दिलं. अक्षराखाली बोट ठेवून, सात महिन्यांत बाईंनी ते संपवलं. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर मंजुळेला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं होतं आणि ती हातातलं गाठोडं घेऊन नदीकडे निघाली होती.

तेव्हापासून बाई दर बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या दाराशी येऊन पुस्तक आलं का विचारत. “उना का रे उखा, दुसरा भाग?”

“नही उना, मावशी. मास्तर वाची ऱ्हायनात.”

“वाचू दे. शिकेल मानूस शे, समजी समजी वाचतस त्या. घाई नको करू म्हना.”

हे ऐकून उखा विषय बदलायचा. निरोप घेऊन घरोघरी जाणं त्याचं काम, आणि कोणाच्या पुस्तकावर किती धूळ असते हे त्याला माहीत होतं.

दिवाळीनंतर एका सोमवारी तापीबाई मास्तरांच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्या नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. मास्तरांच्या पत्नी सरलाबाई पाणी घेऊन आल्या.

“काय सांगं डाक्तरनी?” सरलाबाईंनी विचारलं.

“काचबिंदू शे म्हने. एक डोया गया. दुसरा दोन महिना चाली, फार तर तीन.” बाईंनी हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं आणि पाणी प्यायल्या. मग मास्तरांकडे वळल्या. “मास्तर, एक मांगाले उनू. नही नका म्हनू.”

मास्तर म्हणाले, “सांगा ना, मावशी.”

“तुमनं अर्ध पुस्तक वाची व्हयनं ना? तुम्हीच सभामा सांगं. मंग जे वाची व्हयनं ते माले वाचू द्या. तुम्ही दिनभर साळामा ऱ्हातस, तवलोंग मी आठेच ओटावर बशीसन वाचसू. संध्याकायले तुमनं तुम्हले. खूण जठे शे तठेच ऱ्हाई.”

मास्तरांनी पळवाट शोधली. “पण मावशी, ती मंजुळा तर... तुम्हाला ठाऊक आहे, ती जाते.”

“माहीत शे. उखानी सांगं. पन कशी गई ते माले मन्हा डोयानी वाचनं शे. नदीवर एकली गई, कोनी व्हतं का नही संगे, काय बोलनी. मानूस गया म्हनीसन त्याना दारवर जात नही का आपन?”

“शुक्रवारी देतो,” मास्तर म्हणाले.

आता अडचण अशी होती. त्या काळी बरीच पुस्तकं छापखान्यातून कडा जोडलेल्या पानांसह येत. वाचणाऱ्याने सुरीने एकेक जोड कापत पुढे जायचं. मास्तरांच्या पुस्तकाची पहिली सोळा पानं कापलेली होती, तीही कोणा पाहुण्याला दाखवण्यापुरती. बाकी पुस्तक विटेसारखं मिटलेलं होतं. ज्या पानाशी खूण होती त्या पानात सूर्यप्रकाश कधी शिरलाच नव्हता.

मंगळवारी मास्तर शाळेत नदीकाठच्या वाटेने गेले, कारण नेहमीच्या वाटेवर तापीबाईंचं घर होतं. बुधवारीही तसेच गेले. वर्गात त्यांनी एकाच मुलाची हजेरी दोनदा घेतली. गुरुवारी दुपारी ते अर्धी रजा टाकून घरी आले, ओसरीवर बसले आणि भाजीच्या सुरीने पानं कापायला लागले.

सरलाबाई दारात आल्या. “काय करी ऱ्हायनात?”

“दिसतंय ना.”

“दिसस. पुस्तक कापाना वखत उना म्हनजे वाचाना बी येई एखादे दिन.”

“तू आत जा.”

सरलाबाई आत गेल्या नाहीत. तूर निवडायला घेऊन समोरच बसल्या. मास्तर कापत होते आणि कापता कापता नजर ओळींवर पडत होती. मंजुळा नदीवरून परतली होती. पुढच्या पानांत ती एका दूरच्या गावी शाळेत आया म्हणून लागली होती. मास्तरांनी घाईने पुढची पानं कापली. दोनशेव्या पानावर मंजुळा जिवंत होती. अडीचशेव्यावर मुलींना शिकवत होती. तीनशेव्या पानावरही ती चांगली धडधाकट होती. मास्तरांचा हात थांबला.

“काय व्हयनं?” सरलाबाईंनी विचारलं.

“ती मरत नाही.”

“कोन?”

“मंजुळा. मी तिला श्रावणात मारली.”

सरलाबाईंनी सूप खाली ठेवलं. हसू आलं होतं, पण नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी ते आवरलं.

मास्तर म्हणाले, “मी हे पुस्तक दिलं की त्या वाचणार. मी बोललो ते सगळं खोटं होतं, हे त्यांना पहिल्या दिवशी कळणार. गावात मला गुरुजी म्हणून पाया पडणारं ते एकच माणूस आहे. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. नाही दिलं तर कोणाला काही कळायचं नाही.”

“हा,” सरलाबाई म्हणाल्या, “कयाव नही. तिना डोया जाई, तुमनं नाव ऱ्हाई.” मग म्हणाल्या, “एक सांगू? तुम्ही वाचं नही यानी माले लाज नही वाटत. मी बी कोठे वाचस? पन तुम्हले भूक नही आनि तुम्ही ताटवर बशी ऱ्हायनात. आनि भुकेल मानूस दारमा उभं शे. ते माले पटत नही. तुम्हीच शिकाडं ना तिले? मंग आते तिना पुस्तकवर तुम्हीच कसाले बसतस?”

संध्याकाळपर्यंत मास्तरांनी उरलेली सगळी पानं कापली. तीन फाटली, ती खळीने चिकटवली.

शुक्रवारी सकाळी ते पुस्तक घेऊन तापीबाईंच्या घरी गेले. नदीकाठच्या वाटेने नव्हे. दारातच उभं राहून म्हणाले, “मावशी, मी हे वाचलेलं नाही. एक ओळ नाही. मंजुळा मेली हे मी बनवून सांगितलं.”

तापीबाईंनी पुस्तक घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, पहिलं पान उघडलं. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “मंग जित्ती शे ती?”

“तीनशे पानांपर्यंत तरी आहे.”

“चांगलं व्हयनं,” बाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावर उजेडात बसून वाचायला लागल्या. मास्तर उभे होते. ते अजून गेले नाहीत हे बाईंच्या थोड्या वेळाने ध्यानात आलं. तेव्हा मान वर न करता त्या म्हणाल्या, “जा मास्तर. साळा भराना टाइम व्हयना. पोरेसले खोटं नका सांगज्यात फक्त.”

रविवारी सभेत मास्तरांची पाळी आली. ते उठले आणि म्हणाले, “मी सध्या काहीही वाचत नाही. अकरा महिने जे पुस्तक वाचतो असं सांगत होतो ते मी धड उघडलेलंही नव्हतं. ज्या बाईला ते हवं होतं तिचे डोळे जात आहेत. तिचे चार महिने माझ्या कोनाड्यात पडून होते. नियमाप्रमाणे पाच मिनिटांत सांगायचं सार माझ्याकडे एवढंच आहे.”

बाहेर बांधलेली करणसिंग दादांची घोडी फुरफुरली. दादांचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात दोधू आप्पांनी घसा खाकरला.

“मन्हा बी खंड,” आप्पा म्हणाले, “तसाच शे. तो किल्ला कोन जिकस, माले काही माहीत नही.”

मागून कोणीतरी हसलं. मग दुसरं. मग सगळी खोली. दादा हसले नाहीत, पण कोणाकडेही न पाहता म्हणाले, “चिंतनाला पुस्तक लागतंच असं नाही. उद्या उखाला माझ्या घरी पाठवा.”

आठवड्याभरात एकशे नव्वद पुस्तकं परत आली. उखाला कपाटं पुसावी लागली. साराचा नियम त्याच सभेत रद्द झाला. बायकांना सभासद करण्यावर दोन रविवार वाद झाला, आणि पहिलं नाव तापीबाईंचं लागलं.

बाईंनी दुसरा भाग एक्केचाळीस दिवसांत वाचला. शेवटची वीस पानं त्यांनी भर दुपारच्या उन्हात, पुस्तक नाकाशी धरून वाचली. त्या रविवारी त्या सभेला आल्या, सरलाबाईंचा हात धरून. नियम उरला नव्हता, तरी त्यांना सांगायचं होतं. पाच मिनिटांच्या जागी त्या पाऊण तास बोलल्या. मंजुळा काय शिकली, कशी झगडली, कोणाला काय बोलली, सगळं. शेवटी म्हणाल्या, “नवरा मांगून तिले लेवाले येस, आनि ती माफ करी देस. आठे लिखनारनं चुकनं. मी ऱ्हातू तर गाठोडं लिसन परत नही जातू.” आणि सभेत प्रथमच एका पुस्तकावरून खरं भांडण झालं. दोधू आप्पा मंजुळेच्या नवऱ्याच्या बाजूने बोलले. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं हे उघड होतं, पण आता ते वाचून येतो म्हणून भाग पहिला घेऊन गेले.

माघात बाईंची नजर गेली. मग सरलाबाई दुपारी त्यांच्या उंबऱ्यावर बसून वाचून दाखवू लागल्या. त्या अडखळत, आणि बाई त्यांना शब्द सांगत.

नागरिकहो, या गोष्टीचं तात्पर्य सांगायला हवं, कारण न सांगता आपण घेत नाही. न वाचण्यात लाज नाही. वाचल्याचं सोंग करण्यात थोडी आहे, तीही माणसाला पेलते. पण आपल्या सोंगासाठी जो ग्रंथ आपण अडवून धरतो, त्याच्या पलीकडे कोणीतरी वाट पाहत उभं असतं, आणि त्याचा वेळ आपल्याइतका स्वस्त नसतो. ज्ञान कोनाड्यात ठेवून कोणाचं वाढत नाही. ते दुसऱ्याच्या हातात गेलं तरच गावाचं होतं. तेव्हा आज घरी जा, कोनाड्यात बघा, आणि ते पुस्तक ज्याचं आहे त्याला नेऊन द्या. काय सांगायचं ते सुचलं नाही तर वाचलं नाही म्हणा. छगन मास्तरांनी म्हटलं. त्यानंतरही ते बारा वर्षं त्याच शाळेत मास्तर होते, आणि गाव त्यांना गुरुजीच म्हणत होतं.