एक इंच जास्त

आमची पिकअप माझ्यापेक्षा वयाने मोठी आणि माझ्याइतकीच हट्टी. चारही चाकांनी ओढते, म्हणून आत्याच्या घराचा चढ चढते. दुसऱ्या गाड्या अर्ध्यावरून मागे घसरतात. बाबांचा खुबा मोडल्यापासून त्यांचं पायी चढणं बंद, आणि आत्या गुडघ्यांपायी खाली उतरत नाही. म्हणजे बहीण-भावाची दर रविवारची भेट त्या पिकअपच्या हातात. अशात तिच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा डावा शाफ्ट, चाक फिरवणारा दांडा, मोडला.

"असाच शाफ्ट मिळाला तर बसवतो," फिटरकाका म्हणाले. "नाहीतर मागच्या दोन चाकांवर सपाट रस्त्याने फिरा."

रविवारी बाबा मात्र सवयीने सकाळपासून चपला घालून बसले. मला ते बघवेना.

बाबा जन्मभर शिंपी. त्यांनी शाफ्टचे दोन्ही तुकडे जमिनीवर जुळवले, माप घेतलं आणि सांगितलं, "अठ्ठावीस इंच." बाबांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी दातेवाला तुकडा पिशवीत टाकला, निघताना खुंटीवरचा त्यांचा जुना टेपही न विचारता उचलला आणि बसने भंगार बाजार गाठला.

पहिल्याच भंगारवाल्याने ढिगातून एक शाफ्ट ओढून काढला. दात्याला दाता जुळला. टेप लावला, तर एकोणतीस.

"एक इंच जास्त आहे," मी म्हणाले.

"ताई, याच गाडीचा आहे. मी माझ्या हाताने उतरवलाय."

"माझ्या डोळ्यात धूळ फेकू नका!"

"धूळ फुकट आहे ताई, शाफ्टचे पैसे पडतात."

मी तणतणत बाहेर पडले. पुढे सगळा बाजार पालथा घातला, शेजारच्या शहरात जाऊन आले, नाकी नऊ आले. दाते जुळणारा जो शाफ्ट मिळे, तो एकोणतीसच. सगळ्यांनी मिळून माझ्याविरुद्ध कट केलाय अशी माझी खात्री झाली. घरी येऊन सांगितलं की बाबा म्हणायचे, "एक इंच लांब? मग नाही बसणार," आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

शेवटी आत्याचा फोन आला. मी तिच्यापाशी मनसोक्त बाजाराचा उद्धार केला.

"सगळीकडे नेमका एकच इंच जास्त?" तिने विचारलं. "मोजतेस कशाने गं?"

"बाबांच्या टेपने. दुसऱ्या कशावर माझा भरवसा नाही."

पलीकडे ती इतकी हसली की तिला खोकला लागला. "अगं बावळट, त्या टेपला पहिला इंचच नाहीये! लहानपणी रुसून मीच कात्रीने उडवला होता."

मी टेप डोळ्यांशी नेला. कापलेल्या टोकाला पुन्हा पितळी पट्टी ठोकलेली होती, सुरुवातीचे आकडे कधीच पुसून गेले होते. मी तशीच बाबांच्या खोलीत घुसले.

"तू हा टेप नेलास?" बाबा ताडकन उठून बसले. "घरात स्टीलचा टेप आहे ना! याचा एक इंच मी मनातच वजा करतो."

"मग कधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ताईला मार बसला असता."

"बाबा, आजीला जाऊन किती वर्षं झाली!"

"हो, पण सवय लागली ना," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून त्या पहिल्या भंगारवाल्याकडे गेले. त्याने तेलकट फडक्यात गुंडाळलेला शाफ्ट फळीवरून खाली काढला.

"बाजूला ठेवला होता," तो म्हणाला. "म्हटलं, बाई भांडल्यात म्हणजे परत येणार."

मी माफी मागितली. त्याने ती शाफ्टच्या किमतीतून वजा केली नाही.

फिटरकाकांनी शाफ्ट आत सरकवला. तो असा चपखल बसला की मी गॅरेजमध्येच टाळ्या पिटत नाचले. काका म्हणाले, "मोजून केल्यासारखा!"

रविवारी बाबा शेजारी, मी स्टिअरिंगवर. चढाच्या मध्यावर, जिथे शाफ्ट मोडला होता तिथेच, मागची चाकं खडीत गरगरली. बाबांनी डॅशबोर्ड घट्ट धरला. मग पुढच्या चाकांनी जमीन पकडली, गाडीने एक हिसका दिला आणि धुरळा उडवत ती थेट आत्याच्या दारात जाऊन थांबली. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

आत्या दारातच होती. बाबा काठी टेकत उतरले.

"ताई, तुझा तो एक इंच बघ केवढ्याला पडला."

"मारातून तू वाचवलंस तेव्हा नाही रडले मी," आत्या म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. बाबांचेही भरून आले, पण त्यांनी धुरळ्यावर ढकललं.

मग आत्याने घराला कडी घातली आणि गाडीत आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसली. तिला खालचा बाजार बघायचा होता. कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"परत चढेल ना रे ही?" तिने विचारलं.

"चढेल," बाबा म्हणाले. "माप माझं आहे."