मुनियाची चोच

मार्गशीर्षातलं ऊन येवल्यात उशिरा येतं, पण आलं की सढळ हातानं येतं. ते कोवळं, केशरकांती ऊन नव्या घराच्या वरच्या मजल्यावर आधी उतरायचं. रुंद खिडक्यांतून आत यायचं, शुभ्र भिंतींवर पसरायचं, गुळगुळीत फरशीवर सांडायचं आणि मधोमध मांडलेल्या हातमागापाशी येऊन थबकायचं. मागावर पैठणीचा पदर चढलेला होता. ऊन होतं, रेशीम होतं, जरीची सुवर्णरेखा होती. विणकर मात्र हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला होता.

तो भानुदास. द्वारका त्याची बायको. गॅलरीत रहाट फिरवत ती रेशमाच्या छोट्या कांड्या, म्हणजे तिल्ल्या, भरत बसायची. पण तिचे कान आत असायचे. धागा घट्ट बसवणाऱ्या फणीचा एक ठोका पडायचा. मग दुसरा. मग दीर्घ, निःशब्द, निश्चल असं काहीतरी पसरायचं, आणि तिचाही रहाट मंदावायचा.

जुनं घर भाड्याचं होतं, बुटकं, धुरकट, अंधारं. एकाच खोलीत माग, रहाट आणि संसार. भिंतीत ओळीनं कोनाडे आणि कोनाड्यांत रेशीम: मोरपंखी, जांभळं, तांबडं, हिरवं. भानुदास मान न वळवता हात मागं न्यायचा आणि हवा तो रंग काढून घ्यायचा. त्या न पाहणाऱ्या हाताचं द्वारकेला नव्या नवरीसारखं कौतुक वाटायचं, केस पिकले तरी वाटायचं. त्या अंधाऱ्या खोलीत दिवसाला वीतभर पदर सहज निघायचा.

नवं घर हेमंतनं, त्यांच्या मुलानं, बांधलं होतं. सून प्राजक्तानं हौसेनं पारदर्शक डबे आणले, सगळं रेशीम फिक्यापासून गडदापर्यंत रचलं आणि दोन पावलं मागं सरून म्हणाली, "आता कसं शोभतंय!" आणि शोभतही होतं. लोक जिना चढून पाहायला येत. पदर मात्र वीतभराचा चार बोटांवर आला.

मग ज्याला त्याला कारण सापडू लागलं. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पडदे लागले. फरशी गार म्हणून सतरंजी आली. माग एकदा पूर्वेकडून उत्तरेकडं फिरला, बिचारा फिरताना कुरकुरला. शेजारणीनं जागा मानवली नाही असा निकाल दिला आणि कोपऱ्यात नारळ फुटला. नारळाचं खोबरं चटणीत गेलं. भानुदास होता तिथंच राहिला, रुष्ट, अबोल, ताटातली भाकरी उगाच चिवडत.

एका संध्याकाळी जेवताना हेमंत म्हणाला, "आई, अण्णा थकले आता. संक्रांतीनंतर माग काढून टाकू. बसू दे त्यांना निवांत." मायेनंच म्हणाला पोरगा. भानुदासनं घास गिळला, पाणी प्यायलं आणि तो उठला. द्वारका त्याच्या पाठीकडं पाहत राहिली. माग गेला तर हा माणूस घरात बसेल, जेवेल, झोपेल. पण तो भानुदास नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आत आडवा झाला असताना ती मागाशी गेली. पडदा सारताच उन्हात पदर झळाळला. काठाशी मुनियांची रांग होती, पैठणीवरचे ते चिमुकले पोपट, हरितदेही, रक्तचंचू. पहिला मुनिया तसाच होता. दुसऱ्याची चोच हिरवी होती. तिसरा अंगानं तांबडा. चौथा पुन्हा बरोबर. पाचव्याची चोच पुन्हा हिरवी.

तिला आधी हसू आलं. मग ते ओठांवरच विरलं.

तिला कोनाडे आठवले. एका दिवाळीत भिंती सारवून झाल्यावर तिनं दोन कोनाड्यांतलं रेशीम चुकून अदलाबदल करून ठेवलं होतं. त्या दिवशी तो इतका भडकला, इतका भडकला, की सणासुदीचा उपाशी निजला. ती त्याला तापटपणा समजली होती. तापटपणा नव्हता तो. भीती होती. हा माणूस रंग पाहत नव्हताच. प्रत्येक रंगाची जागा तेवढी त्याला पाठ होती, आणि नव्या डब्यांत ती जागाच हरवली होती.

तिला राग आला, खराखुरा राग. एका चुलीवर जन्म काढला आणि एवढं मला सांगितलं नाही? आणि रागामागून कळवळा आला, न बोलावता, डोळ्यांतून वाहत. तांबडा नि हिरवा ज्याला एकच, त्या विणकराला माग कोणी दिला असता? मुलगी तरी कोणी दिली असती?

तिनं डोळे पुसले, सुई घेतली आणि ती हलक्या हातानं चोची उसवू लागली.

"काय करू राहिली?" दारातून आवाज आला.

"चोची उसवू राहिले."

तो दाराला टेकून उभा राहिला. उन्हात त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "हेमंतनं पाह्यलं?"

"नाही. मीच पाह्यलं, आत्ता."

"लग्नाआधी सांगणार होतो. मग राहून गेलं."

"राहून गेलं?" ती रडता रडता हसली. "अहो, भाजी आणायची राहून जाते. हे राहून जातं व्हय?"

त्यालाही हसू फुटलं, ओलं, ओशाळं. मग तो मागाकडं पाहत म्हणाला, "काढू दे हेमंतला माग. कोनाडे नाहीत, तिथं मी आंधळाच."

द्वारका उठली. गॅलरीतून रहाट उचलून आणला, मागाला खेटून मांडला आणि पदर खोचून बसली. "गॅलरीत मला गार वारा बाधतो. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. बसा आता."

तो बसला. सवयीनं हात मागं गेला आणि पोकळीत चाचपडला. तिनं त्या हातात तिल्ली ठेवली नाही. ती वाट पाहत राहिली. हात हळूहळू पुढं आला, समोरच्या तिल्ल्यांतली एक उचलून तिच्यासमोर धरली, आणि उभ्या जन्मात कोणाला न विचारलेलं त्यानं विचारलं.

"हा कोणता गं?"

"हिरवा."

"आणि हा?"

"तांबडा."

खाली प्राजक्तानं चहाचं आधण ठेवता ठेवता वर कान दिला. "ऐकताय ना? अण्णा बोलू राहिले. घर मानवलं वाटतं." हेमंतनंही ऐकलं. फणीचे ठोके पडत होते, एकामागून एक, भरीव, न अडखळता. "राहू दे मग माग," तो म्हणाला.

वर ऊन कलत होतं, सुवर्णपीत, संथ. हिरवा, ती म्हणायची, आणि फणी पडायची. तांबडा, ती म्हणायची, आणि फणी पडायची. आणि भानुदास, ज्याला दोन्ही रंग एकाच मातकट छटेचे दिसायचे, तो बायकोच्या आवाजानं मुनियाला लाल चोच देत होता.