लाल-काळं कापड

"पांढऱ्या की निळ्या?" गवंड्याने दोन फरश्या उंचावून विचारलं.

"निळ्या," ओफोरी म्हणाला. "अक्राहून बडे पाहुणे येतायत. शुक्रवारपर्यंत संडासाचं भांडं बसलंच पाहिजे."

आई पाच आठवडे कुमासीच्या शवागारात होती. घराला रंग लागल्याशिवाय आणि संडास घरात आल्याशिवाय तिला आणायचं नाही, असं ओफोरीने ठरवलं होतं. परसातल्या जुन्या संडासाकडे जाताना ती पायरीवरून पडली, ती उठलीच नाही.

आतल्या खोलीत त्याची बहीण सेरवा आईची पेटी उघडत होती. घराण्याचे कर्ते म्हणून मामा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"बघ. मुलगा खर्च करतो तो चारचौघांना दिसतो. तुम्ही बायका आणता नि पेटीत कोंबता."

"मीही पाठवले होते पैसे, मामा. याच संडासासाठी. गेल्या वर्षी."

"मग गेले कुठे?"

तेच तिने शेवटच्या फोनवर आईला विचारलं होतं. 'परत कापडवालीच्या घशात घातलेस ना? या वयात नटून कुठे जायचंय तुला?'

'जायचंय गं,' आई म्हणाली होती.

पेटीत वर तिची रोजची, विटलेली कापडं होती. खाली एकाच नक्षीचे, सहा-सहा वारांचे कोरे गठ्ठे. लाल-काळे. मयताला सगळ्या घराने नेसायचं कापड. आईला लिहिता येत नव्हतं. कुणाकडून तरी नावं लिहून घेऊन तिने प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी टाचली होती. मामा. ओफोरी. ओफोरीची बायको. सगळ्यांत खाली, सेरवा.

ओफोरी आत आला. आपल्या नावाचा गठ्ठा उचलून त्याने दोन बोटांत कापड चोळून पाहिलं.

"ही नक्षी? अगं, आता म्हाताऱ्यासुद्धा घेत नाहीत. मी नवं छापून घेतलंय, आईच्या फोटोचं."

"साहेब, फरशी पुसायला चिंधी आहे का?" बाहेरून गवंडी ओरडला.

ओफोरीने हातातला गठ्ठा तसाच बाहेर दिला. चिठ्ठी तेवढी जमिनीवर पडली. मामांनी मान दुसरीकडे वळवली.

शनिवारी मांडवात सगळ्या घराच्या अंगावर आईचा फोटो होता. पाठीवर, पोटावर, बसल्यावर मांडीखाली. लाल-काळ्या कापडात सेरवा एकटीच.

"हिला घरचं कापड परवडलं नाही होय?" मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं.

"कमावते की चांगली. पण हात सुटत नाही. आईवर गेलीय."

नव्या संडासापुढे पाहुण्यांची रांग लागली होती. आत जाऊन आलेले फरशीचं कौतुक करत होते. वहिनीने हाक मारली,

"सेरवाताई, तुम्ही या पुढे. घरच्यांना कसली रांग?"

सेरवाने कापडाचा काठ मुठीत धरला आणि परसातल्या जुन्या संडासाकडच्या पायऱ्या उतरू लागली. तिसरी पायरी अजून हलत होती.